मालाचा माग लागतो, दामाचा का नाही?

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या एखाद्या बागेत खुडलेल्या द्राक्षांची पेटी नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरते, तेव्हा तिच्यावरील संकेतांकाच्या आधारे ती कोणत्या पॅकहाऊसमध्ये भरली गेली, कोणत्या नोंदणीकृत बागेतून आली, त्या बागेचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेने तपासला आणि तपासणीत काय निघाले, हे सारे शोधून काढता येते. परंतु त्याच पेटीसाठी युरोपातील ग्राहकाने किती पैसे मोजले, त्यांतले दुकानदाराने, आयातदाराने, जहाज कंपनीने आणि निर्यातदाराने किती घेतले, बागाईतदाराच्या हाती किती व केव्हा पडले, आणि मण्यांची विरळणी करणाऱ्या व घड खुडणाऱ्या मजुरांच्या वाट्याला काय आले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या संकेतांकात नाही. माल समुद्रापार जातो आणि त्याचा माग उलट दिशेने थेट बांधापर्यंत येऊन पोहोचतो. दाम मात्र त्याच वाटेने परत येताना कोठे कोठे मुरतो, याचा मागमूस लागत नाही.

ही त्रुटी तंत्राची आहे, असे समजण्याचे कारण नाही. मालाचा माग काढणारी जी व्यवस्था व्यवहारात ‘ट्रेसेबिलिटी’ या नावाने ओळखली जाते, ती आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर सरकारच्या पुढाकाराने, सरकारी प्रयोगशाळांच्या आणि कृषी खात्याच्या मनुष्यबळावर उभी राहिली आहे. सरकारने या तंत्राला पाठबळ द्यावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच आता उरलेला नाही. ते दिले जात आहेच. प्रश्न आहे तो हा की, सार्वजनिक पैशाने उभारलेला हा डोळा कोणावर रोखलेला असावा आणि कोणाच्या वतीने त्याने पाहावे.

मागणी कोणाची, खर्च कोणाचा?

या व्यवस्थेचा उगम भारतात नाही. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूरोगाचा माणसाच्या आजाराशी संबंध असावा, असे जाहीर झाले आणि तेथील गोमांसाचा बाजार कोसळला. कोणते जनावर कोणत्या गोठ्यातून आले, हे सांगता येईना, तेव्हा प्रत्येक जनावराला ‘पासपोर्ट’ देण्यात आला. पुढे २००२ मध्ये युरोपीय संघाने अन्नविषयक मूलभूत कायदा केला आणि त्यानुसार १ जानेवारी २००५ पासून अन्नाच्या व्यवहारातील प्रत्येकाने आपल्या मागचा व पुढचा दुवा सांगणे बंधनकारक झाले. हा कायदा युरोपातील व्यापाऱ्यांसाठी होता. परंतु बड्या किरकोळ विक्री-साखळ्यांनी त्याचा भार आपल्या परदेशी पुरवठादारांवर टाकला, आणि पुरवठादारांनी तो आणखी खाली ढकलला. उतारावरून पाणी वाहावे, तशी ही जबाबदारी वाहत वाहत शेवटी बांधापर्यंत आली.

महाराष्ट्रापर्यंत ती पोहोचण्यास निमित्त झाले ते २००३ च्या हंगामाचे. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेबाहेर आढळले. निर्यात धोक्यात आली. तेव्हा केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालील ‘अपेडा’ या संस्थेने अवशेष-नियंत्रणाची योजना आखली आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. निर्यातक्षम बागेची कृषी खात्याकडे दर वर्षी नोंदणी व्हावयाची, फवारण्यांची नोंदवही ठेवावयाची, प्रयोगशाळेने बागेतून नमुना घ्यावयाचा, अवशेष मर्यादेबाहेर निघाले तर त्या बागेचा माल थांबवावयाचा, आणि हे सर्व पार पडल्यावरच पॅकहाऊस, ॲगमार्क व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र असा पुढचा प्रवास, अशी ही रचना आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा तिचा शास्त्रीय कणा आहे. पुढे याच धर्तीवर डाळिंब, भुईमूग, आंबा, सेंद्रिय माल यांच्यासाठी व्यवस्था झाल्या. ‘ग्रेपनेट’मुळे भारतीय द्राक्षांची युरोपातील बाजारपेठ टिकली, हे मान्य केलेच पाहिजे. सरकारी शास्त्रज्ञांनी आणि कृषी सहायकांनी केलेले हे काम कमी लेखण्यासारखे नाही.

परंतु अर्थशास्त्राचा पहिला धडा हा की, लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे दोन प्रश्न वेगवेगळे करून विचारावेत. युरोपातील ग्राहकाला निर्धोक फळ मिळाले, हा लाभ. विक्री-साखळीला आपली पत सांभाळता आली, हाही लाभ. भार मात्र तीन ठिकाणी पडला: सार्वजनिक तिजोरीवर, बागाईतदारावर आणि ज्याला या नोंदींचा खर्च झेपत नाही म्हणून निर्यातीच्या वर्तुळाबाहेरच राहावे लागते, त्या लहान शेतकऱ्यावर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी वहितीचे क्षेत्र अवघे १.०८ हेक्टर होते आणि शंभरांतील ८६ खातेदार दोन हेक्टरांच्या आतले होते. नमुना तपासण्याचा, नोंदवही ठेवण्याचा, प्रमाणपत्र मिळविण्याचा खर्च अर्ध्या एकराला आणि पाच एकरांना जवळपास सारखाच येतो. ज्याची बाग लहान, त्याला प्रत्येक किलोमागे हा भार अधिक जड. मदत नसेल, तर मागोवा-व्यवस्था आपसुकच मोठ्याच्या बाजूने झुकते. त्यासाठी कोणी कट करण्याची गरज नसते.

२०१० चा धडा

२०१० च्या हंगामात जे घडले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ-नियंत्रकाचे अवशेष आढळले. हे रसायन बागाईतदार वर्षानुवर्षे वापरीत आले होते. युरोपातील त्याची मर्यादा प्रति किलो ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक होती. परंतु भारतात ज्या रसायनांची तपासणी करावयाची त्या यादीत हे नावच नव्हते. शेतकऱ्याने नोंदणी केली होती, नमुना दिला होता, अहवाल स्वच्छ होता, सरकारी शिक्क्यानिशी माल रवाना झाला होता. तरीही माल अडला, भाव कोसळले आणि पैसे थकले.

येथे व्यवस्थेचे खरे स्वरूप उघडे पडले. यादी करणारे शासन, माल घेणारा निर्यातदार, मर्यादा ठरविणारा युरोप आणि माल पिकविणारा शेतकरी, असे चार घटक या व्यवहारात होते. चूक असेल तर ती यादीची होती, आणि यादी शेतकऱ्याने केलेली नव्हती. परंतु संकेतांक ज्याच्या बांधापर्यंत जाऊन थांबतो, त्याच्याच दारात तोटाही येऊन थांबला. ज्याचा माग लागतो तो जबाबदार आणि ज्याचा माग लागत नाही तो मोकळा, असा हा अलिखित न्याय आहे. मागोवा-व्यवस्था निव्वळ माहिती गोळा करीत नाही. ती जोखमीची वाटणी करते. ही वाटणी कशी व्हावी, हे कोणत्याही विधिमंडळात ठरलेले नाही. ते संगणकाच्या रकान्यांनी ठरविले आहे.

यंत्र सार्वजनिकच हवे

यावरून काहींचा असा निष्कर्ष निघेल की, सरकारने या भानगडीतून अंग काढून घ्यावे आणि ज्या परदेशी कंपन्यांना माग हवा आहे त्यांनीच तो काढावा. हा निष्कर्ष वरवर आकर्षक असला, तरी तो घातक ठरेल. खासगी मक्तेदारीच्या हाती अशी व्यवस्था सोपविली तर काय होते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी मिळून २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ नावाची जागतिक मागोवा-व्यवस्था जाहीर केली. जगातील कंटेनरांच्या कागदपत्रांचा व्यवहार ब्लॉकचेन या तंत्राने तिच्यावर चालावा, अशी कल्पना होती. तंत्र चालले, विश्वास चालला नाही. एका स्पर्धकाच्या मालकीच्या वहीत साऱ्या उद्योगाने आपले व्यवहार मनापासून लिहावेत, हे घडले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर ती थांबली. भांडवली स्पर्धेच्या मुळाशी असलेला अविश्वास कोणत्याही तंत्राने मिटत नाही, आणि सर्वांची वही सर्वांच्याच मालकीची असावी लागते, असे दोन्ही धडे यातून मिळतात.

भारतात कंटेनरांचा माग काढण्याचे काम १ जुलै २०१६ पासून न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात सुरू झाले. बंदरात कंटेनरला एक रेडिओ-पट्टी लावली जाते आणि बंदराचे दरवाजे, टोलनाके, अंतर्देशीय आगारे येथील वाचकयंत्रे तिची नोंद घेतात. ही व्यवस्था चालविण्यासाठी केंद्र सरकारच्या औद्योगिक पट्ट्याच्या न्यासाने आणि जपानच्या एनईसी कंपनीने निम्म्या निम्म्या भागीदारीत कंपनी स्थापन केली. पुढे ती देशातील इतर बंदरांत पोहोचली. २०१८ पासून ई-वे बिल आणि २०२१ पासून टोलनाक्यांवर सक्तीचा झालेला फास्टॅग यांची तिला जोड आहे. सप्टेंबर २०२२ मधील राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाने हे सर्व धागे एकत्र गुंफण्याचा संकल्प सोडला. कंटेनर बंदरात किती तास पडून राहिला, हे आज मोजले जाते, आणि ते मोजले गेल्यामुळेच विलंब कमी करण्याचे प्रयत्न होतात. हे चांगलेच आहे. परंतु त्याच कंटेनरच्या ट्रेलरवर बसून बंदराबाहेर ताटकळणाऱ्या चालकाचे तास कोणत्या खात्यावर नोंदले जातात? लोखंडी पेटीच्या खोळंब्याला मोल आहे, म्हणून तिला पट्टी आहे. माणसाच्या खोळंब्याला मोल दिले जात नाही, म्हणून त्याची मोजणीही नाही.

नकार हे उत्तर नव्हे

परदेशी बाजारपेठांच्या या अटी म्हणजे नवा साम्राज्यवाद आहे आणि आपण त्या साफ नाकाराव्यात, असेही एक मत डाव्या वर्तुळात ऐकू येते. त्यात तथ्यांश आहे, परंतु संपूर्ण सत्य नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि तिच्यातील कापड कारखान्यांतले ११०० हून अधिक कामगार, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया, ढिगाऱ्याखाली मेले. आपले कपडे तेथे शिवले जात होते, हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्या. कामगार संघटनांना आणि कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून कपड्यांवरच्या नावाच्या पट्ट्या गोळा करून जबाबदारी सिद्ध करावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात आग व इमारत-सुरक्षेचा जो करार झाला, तो कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक होता आणि त्यावर कामगार संघटनांच्या सह्या होत्या. तेथे मालाचा माग कामगाराच्या बाजूने निघाला.

म्हणजे मागोवा हे हत्यार दुधारी आहे. ज्याच्या हाती मूठ असेल, त्याचे ते काम करील. नोंद नसणे हेही एक राजकारणच असते, आणि ते बहुधा बलवानाच्या सोयीचे असते. म्हणून नोंद नको, अशी मागणी समाजवाद्यांना शोभणारी नाही. अपुरी नोंद नको, एकतर्फी नोंद नको, अशीच ती असावयास हवी.

आणखी एका विसंगतीकडेही लक्ष वेधले पाहिजे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या अवशेषांची तपासणी सरकारी देखरेखीखाली बागनिहाय होते. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा परभणीच्या हातगाडीवर विकल्या जाणाऱ्या द्राक्षाची तशी होत नाही. युरोपच्या तपासणीत नापास झालेला माल देशी बाजारात येण्यास या व्यवस्थेत अडसर नाही. आपल्याच करांतून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेने परक्या मुलांच्या आरोग्याची काळजी वाहावी आणि आपल्या मुलांच्या आरोग्याची वाहू नये, हे स्वतंत्र देशाला शोभत नाही.

दामाचा माग अशक्य आहे काय?

मालाबरोबर दामाचीही नोंद ठेवा, असे म्हटले की, ते अव्यवहार्य आहे, व्यापारी गुपिताचा त्याने भंग होईल, असा आक्षेप घेतला जातो. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाने हा आक्षेप केव्हाच खोटा ठरविला आहे.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पायाच हा होता की, उसाचे वजन आणि साखरेचे उत्पन्न ही एकाच वहीची दोन पाने असावीत. पहिला हप्ता, दुसरा हप्ता आणि हंगामाच्या हिशेबानंतर अंतिम भाव, ही पद्धत म्हणजे दामाचा माग उत्पादकापर्यंत नेणेच होते. दुधाच्या सहकारी संस्थेत सकाळी घातलेल्या दुधाची फॅट गवळ्यासमोर लागते, त्यावर त्याचा भाव ठरतो आणि वर्षअखेर दुधाच्या प्रमाणात बोनस मिळतो. १९७१ चा कायदा होऊन १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेतही हेच तत्त्व होते: हमी भाव आधी, आणि विक्रीत नफा उरला तर त्यातील ७५ टक्के शेतकऱ्याला बोनस. या योजनेतील गैरव्यवहार, उशिरा मिळणारे पैसे आणि परराज्यांशी चालणारी चोरटी वाहतूक यांचे समर्थन कोणी करणार नाही. सहकारी कारखान्यांतील काटामारी आणि घराणेशाही तर सर्वश्रुत आहे. परंतु दोष अंमलबजावणीचे होते. मालाची वही आणि पैशाची वही एकत्र ठेवता येते, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

उसाच्या बाबतीत तर कायदाच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत त्याची रक्कम दिली पाहिजे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. कारखाने ही मुदत वारंवार मोडतात, हे खरे. परंतु ती आहे म्हणूनच शेतकरी संघटनांना रस्त्यावर उतरून हक्काने व्याज मागता येते. द्राक्षबागाईतदाराला असा आधार नाही. त्याचा सौदा पुष्कळदा तोंडी असतो, आणि माल नेऊन पैसे बुडविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी नाशिक जिल्ह्यात हंगामागणिक ऐकू येतात. ज्या बागेच्या प्रत्येक फवारणीची तारीख सरकारच्या दप्तरी आहे, त्या बागेच्या पैशाची तारीख कोणाच्याही दप्तरी नसावी, याला काय म्हणावे?

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सरकार आजही दामाचा माग काढते, फक्त अर्ध्या वाटेपर्यंत. प्रत्येक निर्यातदाराला शिपिंग बिलात मालाची किंमत घोषित करावी लागते. परकी चलनाच्या कायद्यानुसार ती रक्कम ठरावीक मुदतीत देशात आणावी लागते आणि ती आली की नाही, याची नोंद रिझर्व्ह बँकेची संगणकीय यंत्रणा २०१४ पासून बिलागणिक ठेवते. म्हणजे रॉटरडॅमहून निघालेला युरो निर्यातदाराच्या बँक खात्यापर्यंत आला की नाही, हे शासनाला ठाऊक असते. त्या खात्यापासून दिंडोरीच्या बागेपर्यंतचे शेवटचे काही कोस मात्र अंधारात आहेत. एका बाजूने बांधापासून बंदरापर्यंत मालाचा धागा आहे, दुसऱ्या बाजूने परदेशी बँकेपासून निर्यातदाराच्या खात्यापर्यंत पैशाचा धागा आहे. दोहोंना गाठ मारण्याचे काम तेवढे कोणी केलेले नाही. व्यापारी गुपिताचा आक्षेप परकी चलनाच्या बाबतीत आड येत नाही. तो शेतकऱ्याच्या पैशापाशीच का आड यावा?

ज्यांची नोंदच नाही

शेतकऱ्याच्या खालीही एक पायरी आहे, आणि ती सर्वांत अंधारी आहे. साखर कारखान्याकडे प्रत्येक उसाच्या फडाची लागण-नोंद असते, तोडणीची पाळी ठरलेली असते, वाहनागणिक काट्याचे वजन असते. परंतु तो फड तोडणारे जोडपे मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून नोंदले जाते. नवरा-बायको मिळून एक! उचल एकच, हिशेब एकच आणि बहुधा नावही एकच, पुरुषाचे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न गाजल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली. तिच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की उचलीतून दंड कापला जातो, हे या शोकांतिकेमागचे एक कारण म्हणून पुढे आले. या फडांतली साखर जगातील बड्या पेय-कंपन्यांपर्यंत जाते. साखरेच्या पोत्याला कारखान्याचे नाव आणि हंगाम आहे. ज्या बाईने तो ऊस तोडला, ती मात्र त्या साऱ्या साखळीत अर्धा कोयता आहे. साखळीच्या ज्या कडीवर सर्वाधिक अन्याय होतो, तीच कडी नोंदीतून गळालेली असते, हा योगायोग मानता येत नाही.

येणाऱ्या काळाचे आव्हान

हा प्रश्न आता द्राक्ष-उसापुरता राहणार नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडविरोधी कायदा केला. कॉफी, रबर, लाकूड आदी माल ज्या जमिनीत पिकला, तिचे भौगोलिक स्थान द्यावयाचे आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर तेथे जंगल तोडले गेले नाही, हे सिद्ध करावयाचे, अशी त्याची अट आहे. चार हेक्टरांवरील जमिनीची तर संपूर्ण सीमारेषा नोंदवावी लागेल. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली असून, डिसेंबर २०२५ मधील निर्णयानुसार मोठ्या व मध्यम कंपन्यांसाठी ती २०२६ च्या अखेरीस व्हावयाची आहे. कोडगूच्या कॉफी उत्पादकांपुढे आणि केरळच्या रबर उत्पादकांपुढे हे कागद उभे ठाकले आहेत. कॉफी मंडळ आणि रबर मंडळ त्यासाठी तयारीला लागले आहेत. लक्षणीय बाब ही की, कंपन्यांवर मानवी हक्कांची जबाबदारी टाकणारा युरोपचाच २०२४ चा दुसरा कायदा त्यांच्या दबावापुढे २०२५ मध्ये लांबणीवर पडला. झाडाचा माग आणि मजुराचा माग या दोहोंवर संकट आले, तर मजुराचा माग आधी सोडला जातो, हे यावरून दिसते.

आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये ‘कस्तुरी कॉटन भारत’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यासाठी ठरलेल्या ३० कोटी रुपयांत निम्मा वाटा सरकारचा आणि निम्मा उद्योग-व्यापाराचा आहे. कापसाच्या गाठीला संकेत लागेल आणि ती सूतगिरणीपासून वस्त्रापर्यंत ओळखता येईल. नामवंत कापसाला जगाच्या बाजारात चार पैसे जास्त मिळतील, हे उद्दिष्ट रास्त आहे. परंतु ते चार पैसे यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत येतील, अशी तरतूद असल्याशिवाय त्या कापसाचा लौकिक त्याच्या काय कामाचा? सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल कृषी अभियानाखाली ११ कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देण्याचे ठरले. जमीन, पीक, कर्ज, विमा सारे त्या क्रमांकाशी जोडले जाईल. ही माहिती कोणाला, कोणत्या अटींवर मिळेल, हे शेतकऱ्याला विचारून ठरले पाहिजे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा शासनाला दिलेल्या सवलतींमुळे या बाबतीत पुरेसा आधार देत नाही.

काय मागावे?

यातून पुढील मागण्या निघतात आणि त्या कोणत्याही तालुक्यात मांडता येण्याजोग्या आहेत. 

पहिली: सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या प्रत्येक मागोवा-व्यवस्थेत उत्पादकाला मिळालेला भाव आणि पैसे मिळाल्याची तारीख, हे दोन रकाने सक्तीचे असावेत. ठरावीक मुदतीत पैसे न दिल्यास ऊस आदेशाप्रमाणे व्याज लागू व्हावे आणि थकबाकीदार निर्यातदाराची नोंदणी रोखली जावी. 

दुसरी: सरकारी यादीप्रमाणे तपासलेला माल यादीच्या चुकीमुळे नाकारला गेला, तर तो तोटा शेतकऱ्याने सोसू नये. त्यासाठी निर्यातीवरील अल्पशा आकारणीतून जोखीम निधी उभारावा. 

तिसरी: दोन हेक्टरांच्या आतील शेतकऱ्याचा तपासणी व नोंदणीचा खर्च माल घेणाऱ्याने आणि शासनाने उचलावा. 

चौथी: मजुराची नोंद व्यक्ती म्हणून व्हावी. स्त्रीचे नाव वेगळे, मजुरी वेगळी, खाते वेगळे. ‘कोयता’ हे एकक हद्दपार व्हावे. 

पाचवी: अवशेष-तपासणीची व्यवस्था टप्प्याटप्प्याने देशी बाजारालाही लागू व्हावी. 

सहावी: या नोंदींची मालकी सार्वजनिक राहावी आणि दर हंगामाअखेर त्या गावासमोर वाचल्या जाव्यात.

शेवटची मागणी कोणास स्वप्नाळू वाटेल. पण राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये जनसुनवाई सुरू केली, तेव्हा तिच्या हाती होते काय? सरकारी कामांचे हजेरीपट आणि ते मोठ्याने वाचून दाखविण्याचा निर्धार, एवढेच. मेलेल्यांची नावे, न आलेल्यांच्या सह्या, न झालेली कामे गावाने ऐकली आणि ओळखली. त्या वाचनातून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षणाला स्थान मिळाले. त्यासाठी ब्लॉकचेन लागली नव्हती. जी वही वरच्यांनी खालच्यांवर नजर ठेवण्यासाठी लिहिली होती, तीच खालच्यांनी उलट वाचली, इतकेच.

हे काम कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. द्राक्षाच्या आणि उसाच्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आपल्या गावापुरती एक साधी वही घालावी: बागेचा नोंदणी क्रमांक, माल नेल्याची तारीख, ठरलेला भाव, मिळालेला भाव, पैसे आल्याची तारीख, आणि मजुरांच्या बाबतीत प्रत्येकाचे नाव, दिवस व मजुरी. तिच्यात नाव घालावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. दहा गावांच्या अशा वह्या एकत्र आल्या की, जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि ‘अपेडा’च्या टेबलावर ठेवण्यासारखा पुरावा तयार होतो. त्या पुराव्याचा आकडा सरकारी यंत्रणेच्या आकड्याशेजारी मांडला म्हणजे पेटीचा प्रवास आणि पैशाचा प्रवास यांतील अंतर किती, हे कोणासही मोजता येईल. मोजता आलेल्या अंतरावर भांडता येते.